आजीचं जाळीचं कपाट आणि शिसवी आरामखुर्ची: चॉक पेंट आणि मेण दोन्हीला लावू का?

नंदगडची लेक

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं नंदगड. तिथलं जुनं घर या उन्हाळ्यात उतरवलं. सामान भावंडांत वाटलं गेलं आणि आजीच्या दोन वस्तू मी हट्टानं मागून टेम्पोत घालून इकडे आणल्या.

एक म्हणजे दुधाचं जाळीचं कपाट. छातीइतकं उंच, दोन दारं, दारांना आणि दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी, खाली एक खण. मुंग्या चढू नयेत म्हणून याचे चारही पाय दगडी वाट्यांत असायचे आणि वाट्यांत पाणी. लाकूड कुठलं ते कळत नाही, कारण वर ऑइल पेंटचे थर आहेत. वरचा हिरवा, तो उडालाय तिथं आकाशी दिसतो, आकाशीखाली चॉकलेटी. पायांची टोकं पाण्यानं काळी पडलीत. मागच्या एका पायापाशी बारीक भुगा पडतो.

दुसरी, आजोबांची शिसवी आरामखुर्ची. लांब हात, वेताची बैठक. पॉलिश पार मेलंय, हातांवर चहाच्या पेल्यांचे पांढरे गोल उठलेत आणि वेताला झोल पडलाय.

मला दोन्ही एकाच फिकट निळ्या रंगात हवंय, खडूसारखा मऊ दिसणारा, कडांना थोडं लाकूड डोकावणारा. चॉक पेंट आणि त्यावर मेण. सासूबाई म्हणतात, लाव की, जुनं सामान जरा उजळ दिसेल. आईनं फोनवर सांगितलं, "शिसवीला रंग फासलास तर त्या खुर्चीत मी बसणार नाही."

चॉक पेंटला आधी घासायला लागत नाही म्हणतात, ते खरं का? तयार डबा महाग पडतो, तर घरी करता येतो का? वर मेण लावू की वार्निश? कपाट स्वयंपाकघरातच राहणार आहे, कांदे-बटाटे, लोणच्याच्या बरण्या, विरजणाचं भांडं ठेवायला. घरात लहान मुलं आहेत. पाऊस लागायच्या आत हे उरकायचंय.

---

निपाणीकर वहिनी

मी टीव्हीचं टेबल आणि दोन स्टुलं चॉक पेंटनं केली. साबणाच्या पाण्यानं पुसून घेतली, घासलं काहीच नाही, दोन हात मारले आणि वरून मेण. बैठकीच्या खोलीत आहेत, अजून छान आहेत. पण एक स्टूल स्वयंपाकघरात नेलं, त्यावर फोडणीचं तेल सांडलं. हळदीचा पिवळा डाग मेणातून आत उतरला तो काही केल्या निघत नाही. म्हणून स्वयंपाकघरात मेणावर भिस्त ठेवू नका एवढंच सांगेन. निळा रंग मात्र फार सुंदर दिसतो हो, जाळीच्या कपाटाला तर शोभेलच.

---

शहापुरी पॉलिश

ताई, तुमच्या दोन वस्तूंना एक औषध चालणार नाही. शहापुरात माझं पॉलिशचं काम आहे. वडील फक्त स्पिरिट पॉलिश करायचे. मी मेलामाइन, पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन वार्निश) सगळं करतो, आणि आता चॉक पेंटही करतो, कारण गिऱ्हाईक फोनवर फोटो घेऊनच येतं. सध्या कॅम्पातल्या एका बंगल्यातलं जेवणाचं टेबल करूलालोय, त्यातनं वेळ काढून लिहितो.

आई बरोबर सांगतायत. शिसवीला रंग लावू नका. शिसवीची छिद्रं मोठी असतात, नुसत्या डोळ्यांना रेघा-रेघा दिसतात बघा. त्यात खडूचा रंग एकदा बसला की तो परत काढता येत नाही. रिमूव्हर लावा, खरवडा, छिद्रात पांढरं राहतंच. मग घासत बसायचं, आणि घासता घासता हातांची गोलाई, कडेची नक्षी झिजते. अशा खुर्च्या माझ्याकडं येतात. घरचे म्हणतात पूर्वीसारखी करून द्या. पूर्वीसारखी होत नाही. शिवाय शिसवीचा स्वतःचा रंग पाण्याच्या रंगातून वर येतो, फिकट निळ्यावर तांबूस-तपकिरी ढग उठतात. सागवानाचंही तेच. आणि असलं शिसव आता आणायचं म्हटलं तर कुठून आणणार? २०१७ पासून या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, जंगलात जाड झाडं राहिली नाहीत. घरात आहे ते जपायचं. खुर्चीवर नंतर सविस्तर लिहितो, त्याआधी एक काम करा. खुर्ची उलटी करून आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापूस स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून धरा आणि काय होतं ते इथं सांगा.

कपाट मात्र रंगवा, बिनधास्त रंगवा. खानापूर बाजूची अशी बरीच कपाटं माझ्या हाताखालून गेलीत. गावचा सुतार घरकामातनं उरलेलं लाकूड वापरायचा. चौकट ऐनाची नाहीतर किंदळाची, फळ्या आंब्याच्या नाहीतर फणसाच्या, खणाचा तळ आणखी कशाचा. ते पॉलिशसाठी केलेलंच नसतं. रंग लावायचा म्हणूनच केलेलं असतं. तुमच्या कपाटावर तीन पिढ्यांचे तीन रंग आहेत, तुम्ही चौथा लावा.

आता घासायचं की नाही. हा रंग १९९० साली इंग्लंडमध्ये अॅनी स्लोन यांनी आणला. रंगात खडूच्या जातीची भुकटी जास्त, त्यामुळे तो गुळगुळीत ऑइल पेंटवरही पकड घेतो, प्रायमर लागत नाही. हे खरं आहे. पण नवीन रंग जुन्या रंगाला धरतो, आणि जुना रंग लाकडाला धरून आहे की नाही ते कोण बघणार? हिरवा उडून आकाशी दिसतोय म्हणजे तुमचा हिरवा सुटलेला आहे. ब्लेडनं रंगावर एक फुली चिरा, वर सेलोटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे पापुद्रे आले तर तेवढा भाग पक्क्या रंगापर्यंत काढायलाच पाहिजे. टेप कोरी आली तर तिथं फक्त वरची चमक घालवा, २२० नंबरच्या वॉटर पेपरनं (पाण्यात चालणारा घासायचा कागद), पाणी लावून. कोरडं घासू नका. मुलं आहेत म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याआधी धुणं. चूल असलेल्या घरातलं कपाट आहे, वरच्या फळीवर धूर आणि तेल मिळून चिकट थर असणार. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला, फडकं पिळून पुसा, मग दोनदा साध्या पाण्यानं पुसा. मुठीपाशी, जिथं रोज हात लागायचा, तिथं सोड्यानं भागत नाही, थिनरचं फडकं फिरवा. तेलकट जागेवर चॉक पेंट बसल्यासारखा दिसतो आणि महिन्याभरात नखानं निघतो. धुतल्यावर सावलीत वाळवा. मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर फळ्या तडकतात, सांधे उघडतात.

घरी रंग करता येतो. एक वाटी चांगलं मॅट इमल्शन (भिंतीचा पाण्यातला, बिनचमकीचा रंग), पाव ते तिसरा हिस्सा वाटी व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी). पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून, सुती कापडातनं गाळून, मग इमल्शनमध्ये. कोरडी टाकली तर गुठळ्या राहतात आणि ब्रश ओढताना रेघ पडते. पावडरीऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घालणारेही आहेत, पण ते अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतं, सवय नसेल तर डबा वाया. चुना घालू नका. निळ्यासाठी पांढऱ्या इमल्शनमध्ये निळा स्टेनर (रंगछटा द्यायचा दाट रंग) थेंबाथेंबानं, आणि शेवटी काळ्या स्टेनरचा अगदी एक थेंब. नुसत्या निळ्यानं दवाखान्याच्या भिंतीचा रंग होतो, काळ्यानं तो जुना दिसतो. सगळं कपाट होईल एवढा रंग एकदमच करा, दुसऱ्यांदा तोच रंग जुळत नाही.

पहिला हात मारल्यावर कपाट वाईट दिसेल. ठिपके, पट्टे, खालचा चॉकलेटी डोकावतोय. तिथं घाबरून अर्धवट वाळलेल्यावर परत ब्रश मारू नका, ओलसर रंग गुंडाळी होऊन निघतो. पूर्ण वाळू द्या, ४०० नंबरचा पेपर हलक्या हातानं फिरवा, भुगा पुसा, दुसरा हात. आपल्याकडं मेमध्ये रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून ब्रश पाण्यात बुडवून, झटकून मग रंगात घाला. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काम करा.

जिथं उघडं लाकूड लागेल आणि पायांच्या काळ्या टोकांना, रंगाआधी चपड्याचा एक हात द्या. चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. लाकडातला डाग वर यायचा तो तिथंच अडतो. लोखंडी जाळी आणि बिजागऱ्यांना मेटल प्रायमर, नाहीतर पाण्याचा रंग लागला की गंज निळ्यातनं बाहेर येतो. जाळी कुजली असेल तर आत्ताच बदला, रंगानंतर पट्ट्या उचकटायच्या म्हणजे सगळं परत करायचं.

मेण की वार्निश, हे आधी ठरवावं लागतं. मेणावर वार्निश धरत नाही. तुमच्या कपाटाला मी असं करीन: वरची फळी आणि दारांची मुठीकडची पट्टी, पाण्यातलं मॅट पीयू, दोन पातळ हात. बाजू, चौकट, दारांचा बाकी भाग आणि खणाचं तोंड, मेण. तेलातलं पीयू घेऊ नका, ते पिवळं पडतं आणि निळ्याचा हिरवट होतो.

मेण घरी करायचं तर मधाच्या पोळ्याचं शुद्ध मेण १०० ग्रॅम, टर्पेन्टाइन साधारण २५० मिली. मेणबत्तीचं मेण नको, ते लाकडावर घसरतं, आत जात नाही. मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं. मग गॅस बंद करा, भांडं घराबाहेर आणा आणि तिथं टर्पेन्टाइन ओता. टर्पेन्टाइन गॅसजवळ कधी नाही. गार झालं की लोण्यासारखं व्हायला पाहिजे, बोटानं उचललं की उचललं जावं.

लावायची पद्धत इथं नीट वाचा, कारण मेणाचं काम इथंच बिघडतं. जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्या, नवीन कापडाचे धागे सुटतात. सुपारीएवढं मेण घेऊन एका वेळी हातभर जागेत गोल गोल चोळत आत घाला. लगेच दुसरं कोरडं फडकं घेऊन सगळं पुसून काढा. काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत पुसा. नंतर तळहात फिरवून बघा. हात सरकला पाहिजे. हात अडकला तर तिथं मेण जास्त झालंय, तिथं धूळ बसून काळं होणार. एक दिवस थांबून कोरड्या फडक्यानं घासून चमक आणा. कडा दिसायला हव्यात तर आधी पातळ साधं मेण, मग कडांवर ४०० चा पेपर, मग परत मेण. गडद मेण वापरायचं असेल तर साध्या मेणाच्या हातानंतरच, थेट चॉक पेंटवर लावलं तर रंग ते पिऊन टाकतो आणि डाग पुसता येत नाही. मेण हाताला कोरडं दुसऱ्या दिवशी लागतं, पण आतून कडक व्हायला तीनेक आठवडे जातात. तोवर वर काही ठेवू नका.

भुग्याचं मला सांगता येईल, पण तो विषय माझ्यापेक्षा जांबोटीकडच्या मंडळींना जास्त माहीत.

---

टिळकवाडीतले सर

शहापूरच्या अण्णांनी पाणी लावून घासायला सांगितलंय, त्यामागचं कारण लिहितो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम २०१६ सालचा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. नंदगडच्या कपाटावरचे तिन्ही थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे ते शिशाचे आहेत असंच धरून चाला. कोरडं घासलं की धूळ उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा चालत नाही. काम घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून, पाणी लावून, चांगला मास्क घालून करा. चिखल झालेला रंग प्लास्टिकसकट गुंडाळून टाका, झाडांच्या बुंध्याशी नको. कपडे वेगळे धुवा. ब्लोलॅम्पनं जाळून काढायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा, शिशाची वाफ थेट फुफ्फुसात जाते.

आणखी एक. शिशाच्या रंगावर चॉक पेंट बसला तरी शिसं तिथंच असतं, फक्त झाकलं जातं. बाहेरून ते चालेल. कपाटाच्या आत, जिथं अन्न ठेवणार, तिथं चालणार नाही. त्याचा वेगळा विचार करा.

पायांचा काळेपणा कुजण्यामुळेच असेल असं नाही. लाकडातलं टॅनिन, खिळ्यांचं लोखंड आणि पाणी एकत्र आलं की शाईसारखा काळा डाग होतो. सळी टोचून बघा. लाकूड घट्ट लागलं तर तो डागच आहे, वर रंग येणार असेल तर चपडा पुरे. सळी आत गेली तर मात्र लाकूड गेलंय, सुताराकडून पायाला जोड द्यावी लागेल.

---

जांबोटी रोड

भुग्याबद्दल. आधी कपाटाखाली काळा कागद टाका. दोन-चार दिवसांनी त्यावर नवीन भुगा दिसला तर कीड जिवंत आहे. नाही दिसला तर जुन्या भोकातनं टेम्पोच्या हादऱ्यानं सांडलेला असू शकतो. जिवंत असेल तर रंगाच्या आधीच बंदोबस्त. लाकूड किडीचं औषध हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते सिरिंजनं एकेका भोकात भरा, हातमोजे आणि चष्मा घालून. नंतर तो पाय प्लास्टिकनं गच्च बांधून ठेवा. वास गेला की भोकं लांबीनं (पुट्टीनं) बुजवा, म्हणजे पुढं नवीन भोक पडलं तर लगेच ओळखू येतं. आमच्याकडं अजून रॉकेल ओततात. त्यानं वरची मरते, आतली तशीच राहते, आणि रॉकेलच्या डागावर रंग धरत नाही.

पावसाचं. तुम्ही वडगावला असाल, पण तळमजला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येणारच. मेण लावलेल्या फर्निचरला पाठीमागून पांढरी बुरशी येते. आमच्याकडं तर कणकुंबीच्या बाजूचा पाऊस, तिथं काही न लावता ठेवलेल्या खुर्चीलाही येते. कपाटाची पाठ भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पाठीला मेण नको, चपडा लावा. जवसाचं तेल घातलेलं मेण तर पावसाच्या तोंडावर अजिबात नको, ते वाळायला वेळ घेतं आणि बुरशीला आवडतं. बुरशी आलीच तर टर्पेन्टाइनच्या फडक्यानं पुसून, पंखा लावून वाळवून, परत पातळ मेण.

वेळेचं गणित बघा. वळीव सुरू झालाय. तीन आठवडे मेण कडक व्हायला हवेत असं अण्णा म्हणतात. मेच्या शेवटी मेण लावलंत तर ते धड वाळायच्या आत मृगाचा पाऊस येणार. एकच वस्तू आत्ता करा.

---

नंदगडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं खोलात जाऊन कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

अण्णा, स्पिरिटचा कापूस लावून बघितला. अर्ध्या मिनिटात कापूस तांबूस झाला आणि ती जागा बोटाला चिकटली. पुसल्यावर खालचं लाकूड असं दिसलं की मी आईला फोटो पाठवला. काळ्या-जांभळ्या रेघा आहेत त्यात. खुर्ची रंगवायचा विचार सोडला. आता ती कशी करू ते सांगा.

सेलोटेपचं पण केलं. दारांवर टेप कोरी आली. वरच्या फळीचा आणि उजव्या बाजूचा हिरवा मात्र पापुद्र्यासकट निघाला. काळ्या कागदावर नवीन भुगा पडलाय, म्हणजे औषध लागणार. पायाला सळी टोचली, आत जात नाही.

सर, आतलं काय करू? सगळ्या फळ्यांना आतूनही तोच हिरवा आहे.

---

शहापुरी पॉलिश

आतलं सोपं आहे. फळ्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असतात, खिळे असले तरी एक-दोनच. त्या काढून ठेवा आणि त्याच मापाच्या नवीन फळ्या करून घ्या. वडगावातच सुतार देईल, फणसाच्या किंवा सागवानाच्या. त्यांना फक्त चपड्याचे दोन पातळ हात. चपडा खाण्याच्या गोळ्यांवर, चॉकलेटांवर पण लावतात, विरजणाचं भांडं ठेवायला हरकत नाही. टर्पेन्टाइनचं मेण आत लावू नका, दह्याला वास लागतो. आतल्या चौकटीचा हिरवा पाणी लावून साफ करा आणि त्यावरही चपडा, मग रंग. भांडी नेहमी नवीन फळीवरच ठेवा, चौकटीला लागू देऊ नका. किडीचं औषध घालणार ते मागच्या पायातच, आतल्या बाजूला नाही, आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत काही ठेवायचं नाही.

खुर्ची. कापूस चिकटला म्हणजे तुमच्या आजोबांच्या वेळचं चपड्याचंच पॉलिश आहे, आणि ही चांगली बातमी आहे. चपडा स्पिरिटमध्ये परत विरघळतो, म्हणून जुनं खरवडून काढायला लागत नाही. मेलामाइन असतं तर सगळं उतरवावं लागलं असतं.

पहिल्यांदा मळ. साबणाच्या पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं. मग टर्पेन्टाइनचं फडकं, जुनं मेण आणि डोक्याचं तेल निघतं. पाठीच्या वरच्या पट्टीवर तेल जास्त असणार, तिथं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

मग ते पांढरे गोल. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलीय, लाकडापर्यंत गेलेली नाही. कापसाचा गोळा सुती कापडात बांधून पोटली करा. पोटलीला स्पिरिट इतकंच की गालाला लावल्यावर गार लागेल, ओली लागणार नाही. ती डागावरनं उतरत्या विमानागत हलकी टेकवत पुढं न्या, थांबवू नका. थांबलात की तिथं पॉलिश उचललं जातं. चार-पाच वेळा फिरवलं की गोल विरत जातो, डोळ्यांदेखत जातो. हे काम करताना मला अजून आनंद होतो.

त्यानंतर नवीन हात. एक लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम कोरडा चपडा, रात्री भिजत घाला, अधूनमधून बाटली हलवा, सकाळी कापडातनं गाळा. काचेची नाहीतर प्लास्टिकची बाटली घ्या, लोखंडी डब्यात ते काळं पडतं. पोटलीच्या आत ओता, वरून बुडवू नका. लाकडाच्या रेघेच्या दिशेनं लांब हात, एका टोकाला हवेतून आत, दुसऱ्या टोकाला हवेत बाहेर. पोटली अडकायला लागली तर बोटाच्या टोकावर घेऊन जवसाच्या तेलाचा एक ठिपका. सकाळी तीन-चार पातळ हात, मग दुसऱ्या दिवशी परत. चमक तुम्हाला हवी तिथं थांबा. ढगाळ, दमट दिवशी हे काम नाही, पॉलिश पांढुरकं होतं. म्हणून जांबोटीवाले म्हणतात ते मानून आत्ता खुर्ची घ्या, कपाट दिवाळीच्या सुमाराला घ्या. तोवर कपाटाच्या पायाला औषध तेवढं घालून ठेवा.

हातांच्या टोकाला जी गडद तकाकी आहे ती मळ समजून काढू नका. ती वर्षानुवर्षं हात फिरून आलेली असते, तिच्यावरच पॉलिश फिरवा.

वेताचा झोल: वेत तुटलेला नसेल तर नवीन विणायची घाई नको. खुर्ची उलटी करा, टॉवेल गरम पाण्यात भिजवून पिळून बैठकीच्या खालच्या बाजूला अर्धा तास ठेवा. खालच्या बाजूनंच, वरची बाजू चकचकीत असते, तिथनं पाणी आत जात नाही. मग पंख्याखाली एक दिवस वाळवा, वर कुणी बसू नये. वेत वाळताना आक्रसतो आणि ताणला जातो. हे पॉलिशच्या आधी करा, पाणी लाकडाला लागलं तर नंतर डाग काढता येतो. तुटलेला असेल तर वेतच विणून घ्या, प्लास्टिकची वायर घालू नका.

तेलाची फडकी काम झाल्यावर चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, फडकी आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा नाहीतर दोरीवर एकेक मोकळं पसरा.

---

निपाणीकर वहिनी

अण्णा, माझ्या स्टुलावर मेण आधीच आहे आणि ते आता स्वयंपाकघरातच राहणार. मेण काढून पीयू मारता येईल का? की रंगापासून परत?

---

शहापुरी पॉलिश

येईल की वहिनी. टर्पेन्टाइन लावून फडक्यानं पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं घ्या, म्हणजे तेच मेण परत पसरणार नाही. तीन-चार वेळा करा, पूर्ण वाळू द्या. मग वर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर मेण अजून आहे, परत पुसा. पसरून रंगात मुरायला लागला तर निघालं. हळदीचा डाग आहे तेवढी फळी ४०० नं घासून, चपड्याचा हात देऊन, वर रंगाचा एक हात मारा, मग पीयू. हळद आधी उन्हात ठेवून बघा, पुष्कळदा उन्हानं फिकी होते. आणि चपड्याची उरलेली बाटली सहा महिन्यांनी वापरू नका, जुना चपडा वाळत नाही, चिकटच राहतो. लागेल तेवढाच भिजवा.